लिथियम : मनाचा तोल आणि मात्रेची शिस्त

मन बिघडले तर ते मनोबलानेच सावरावे, औषधाने नव्हे, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. अनावर उन्माद व घोर विषण्णता यांच्या फेऱ्यांत माणसास खेचणाऱ्या द्विध्रुवी विकारात हा समज घातक ठरतो. रुग्णास जरा बरे वाटू लागले की, ‘आता औषध कशाला?’ असा प्रश्न प्रथम घरची माणसेच विचारतात. त्याचे उत्तर मेंदूच्या रसायनांत शोधले पाहिजे.

लिथियम हा सर्वांत हलका धातू होय. त्याच्या क्षाराचा उन्मादावरील गुण ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कमधील मोगेन्स स्काउ यांनी तो पद्धतशीर प्रयोगांनी पारखून घेतला. लिथियम हे गुंगीचे औषध नव्हे. मज्जापेशीवर बाहेरून आलेला संदेश आत पोहोचविण्याच्या कामी इनॉसिटॉल नावाचा पदार्थ लागतो. तो पुन्हा वापरात आणणाऱ्या विकराची गती लिथियम मंदावते. पेशींतील दुसऱ्याही एका महत्त्वाच्या विकरास ते आवर घालते. यांपैकी कोणता परिणाम निर्णायक, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. परंतु हे बदल सावकाश घडतात व औषध चालू असेतोवरच टिकतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘बरे वाटणे’ हेच औषध चालू असल्याचे फळ आहे, हे उमगते. ते एकाएकी सोडल्यास विकार उलटण्याचा व आत्महत्येचाही धोका वाढतो.

तथापि आंधळा विश्वासही नको. रक्तातील लिथियमचे प्रमाण सामान्यतः दर लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल राखावे लागते, ते १.५ च्या पुढे गेले की विषबाधेची भीती असते. शरीरातील पाणी वा मीठ घटले, तर मूत्रपिंडे लिथियम रोखून धरतात. म्हणून कडक उन्हाळ्यात, जुलाबात किंवा मीठ वर्ज्य करताना विशेष सावध राहावे. मूत्रपिंडे व अवटु ग्रंथी यांचीही वेळोवेळी तपासणी हवी.

मनोरुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागविण्याचे तत्त्व आपल्या देशाने २०१७ च्या कायद्यात स्वीकारले आहे. आमच्या मते, या समतेची खरी कसोटी कायद्याच्या पुस्तकात नसून, रक्ततपासणीची सोय लहान गावापर्यंत पोहोचते की नाही, यात आहे. मधुमेही माणूस औषध घेताना लाजत नाही. मग मनाचा तोल राखणाऱ्याने ते लपवून का घ्यावे?