बोआचा रंग आणि परवान्यातील पळवाट

केशरी-पांढऱ्या अंगाच्या, तांबड्या डोळ्यांच्या अल्बिनो बोआची चित्रफीत समाजमाध्यमांवर आली की तिच्याखाली हमखास एक प्रश्न उमटतो : हा साप भारतात पाळता येतो का? उत्तरही ठरलेले असते : ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी केली की झाले. माझा आक्षेप या ‘झाले’ला आहे.

नोंदणीची तरतूद स्वागतार्हच आहे. जून २०२० च्या केंद्रीय सूचनेनुसार, सहा महिन्यांत परदेशी प्राणी घोषित करणाऱ्याकडे कोणतीही कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ रोजी अमलात आली आणि ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतील प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांनी नोंदणीची रीत घालून दिली. परंतु याच कायद्याचे कलम ४९-एन विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. पैदास करणाऱ्याने परवाना घेण्याची सक्ती तेथे परिशिष्ट एकमधील प्राण्यांपुरतीच आहे. बोआ कॉन्स्ट्रिक्टर, एक दक्षिण अमेरिकी उपजाती वगळता, परिशिष्ट दोनमध्ये मोडतो. त्यामुळे सापाची नोंद होते, जन्मलेली पिल्लेही कळवावी लागतात. मात्र कोणती जोडी का जुळवली, हे विचारणारा परवानाच नाही. कुत्र्यांच्या पैदाशीला २०१७ पासून स्वतंत्र नियम आहेत!

हा प्रश्न रंगामुळे गंभीर होतो. बोआमधील अल्बिनोपणा अप्रभावी जनुकामुळे येतो. तो दिसण्यासाठी आई व बाप दोघांकडूनही ते जनुक मिळावे लागते. दुर्मीळ रंग वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणून मग पिल्लांचा संकर आईबापांशी किंवा भावंडांशी केला जातो. त्यातही ‘काल’ आणि ‘शार्प’ हे अल्बिनो बोआचे दोन वंश दिसायला सारखे असले, तरी त्यांची जनुके वेगळी आहेत. दोहोंच्या संकरातून सामान्य रंगाची पिल्ले जन्मतात. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी वंश कळत नाही.

रंगाची किंमत प्राणी कसा मोजतो, हे बोआच्या शेजारच्या पिंजऱ्यांत दिसते. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ प्रकारात डोके डुगडुगते, तोल जातो. २०२२ मध्ये त्याचा संबंध आतल्या कानातील विकृतीशी जोडला गेला. लेपर्ड गेकोच्या ‘लेमन फ्रॉस्ट’ प्रकारात रंगपेशींच्या गाठी होतात, हे २०२१ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. दोन्ही प्रकारांना गिऱ्हाईक मात्र होतेच.

हौशी पालकांमुळे विज्ञानाला मदत होते, असा प्रतिवाद केला जातो, आणि तो खोटा नाही. एका कॅरॅमल रंगाच्या बोआ मादीला झालेली बावीस पिल्ले सर्व माद्या होत्या आणि सर्वांवर आईचाच दुर्मीळ अप्रभावी रंग होता. जनुकीय तपासणीतून बोआमधील अनिषेकजनन त्यामुळे उजेडात आले. परंतु हा रंग पुरावा ठरला, तो वंशाची माहिती जपलेली होती म्हणून. आपल्याकडील विक्रेत्यांकडे अशी माहिती मागून पाहावी.

आता संगोपनाविषयी. बोआ दोन मीटरांहून मोठा होतो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. पेटीच्या एका टोकाला तीस-बत्तीस अंशांची ऊब, दुसरीकडे गारवा, पुरेशी आर्द्रता आणि अंग पूर्ण ताणता येईल एवढी जागा त्याला लागते. वसतिगृहातल्या मुलाने हे वीस वर्षे कसे जमवावे? ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ या रोगामागे अरेनाविषाणू असल्याचे २०१२ मध्ये पुढे आले. बाधित बोआ दीर्घकाळ ठणठणीत दिसू शकतो आणि रोगावर इलाज नाही. म्हणून नवा साप कित्येक महिने वेगळा ठेवावा लागतो. आणि कंटाळून बाहेर सोडलेल्या सापाचे काय होते? अरुबा बेट आणि प्वेर्तो रिको येथे, जेथे बोआ कॉन्स्ट्रिक्टर मूळचा नाही, तो आता रानात प्रजनन करतो.

म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे मागणी साधी असावी : कलम ४९-एनचा परवाना परिशिष्ट दोनमधील प्राण्यांनाही लागू करावा, आणि प्रत्येक पिल्लाच्या नोंदीत आईबापांचा नोंदणी क्रमांक सक्तीचा असावा. तोपर्यंत ज्याला रंगीत बोआ हवाच आहे, त्याने विक्रेत्याकडे हे दोन क्रमांक लेखी मागावेत. मिळाले नाहीत तर पैसे देऊ नयेत.