खेळातील वयाचे घड्याळ

नेवाशाच्या पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरील टीका सांगितली, तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते, असे परंपरा मानते. त्याच परंपरेत योगबळाने काळाला चुकवत चौदाशे वर्षे जगलेले चांगदेवही आहेत. वयाने धाकट्या पण ज्ञानाने थोर अशा मुलाला मायना काय लिहावा हे न सुचून त्यांनी कोरा कागद धाडला. एवढे जगूनही हा कोराच राहिला, असे ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात.

काळाला चुकवण्याची ही चांगदेवी मुभा आज संगणकावर कोणालाही मिळते. माणसांची घरे चालवण्याचा ‘द सिम्स’ हा खेळ २००० साली आला तेव्हा त्यातली मोठी माणसे म्हातारी होत नसत आणि शाळकरी मूल कायम शाळकरीच राही. २००४ च्या दुसऱ्या भागात म्हातारपण आले आणि म्हातारपणाने येणारे मरणही आले. पण घड्याळ चाले ते फक्त खेळाडू ज्या घरात असेल तिथे. आपल्या घरात नातवंडे झाली तरी शेजारचा वर्गमित्र वर्गातच! म्हणून जाणते खेळाडू प्रत्येक घराला ठरावीक दिवसांची पाळी लावत. २००९ च्या तिसऱ्या भागात सारे गाव एकदम वाढू लागले. मग लक्ष नसताना एखादा जुना स्नेही परस्पर निवर्तलेला आढळे.

२०१४ चा चौथा भाग ही निवड खेळाडूवर सोपवतो. चालू घर, आपण खेळलेली इतर घरे आणि उरलेले गाव यांची वये वेगवेगळी चालू वा बंद ठेवता येतात. आयुर्मान आखूड, मध्यम की दीर्घ हेही ठरवता येते. प्रत्येक टप्प्याची कुवत मात्र खेळानेच बांधून दिली आहे. किशोराच्या वाट्याला शाळा आणि फार तर अर्धवेळ नोकरी. पंधराव्या वर्षी भाष्य सांगणारा तिथे बसतच नाही.

नवख्याने सुरुवातीला वय बंद ठेवावे, नाही तर घर सजवता सजवता पहिली पिढी संपते. पण ते कायमचे बंद ठेवणे आम्हाला पटत नाही. दिवस अमर्याद असले की आधी स्वयंपाक शिकावा की व्हायोलिन, हा प्रश्नच उरत नाही. सगळेच शिकून होते आणि खेळाडू कंटाळतो. दीर्घ आयुर्मान आणि आपण खेळलेल्या सगळ्या घरांचे वय चालू, ही जोडी बरी. उरलेले गाव थांबवले, तर मुलगी आजी झाली तरी तिचा बालमित्र बालच राहील. अशा वेळी त्याच्या घरात जाऊन वाढदिवसाचा केक करावा आणि त्याला पुढच्या टप्प्यात न्यावे. चार-पाच घरांपुरते हे जमते, अख्ख्या गावासाठी नाही. आणि घड्याळ सुरू करण्याआधी खेळाची एक वेगळी प्रत जपून ठेवावी, म्हणजे निर्णय चुकला तरी मागे फिरता येईल.