सुईणीचें शिक्षण

ज्या हिंगण्याच्या माळावर महर्षि अण्णासाहेब कर्वे यांनीं १९०० सालीं आपला आश्रम नेला, तेंच आजचें कर्वेनगर होय. समाजानें निरुपयोगी ठरविलेली विधवा शिक्षण मिळतांच इतरांसही आधार होऊं शकते, हें त्यांनीं येथें सिद्ध केलें. तोच न्याय खेड्यांतील सुईणीस लाविला पाहिजे, असें आमचें मत आहे.

सुईण अडाणी असल्यानें तिला दूर सारावें, असें कित्येक म्हणतात. तिचा अनुभवच पुरे, असें दुसरे म्हणतात. आम्हांस दोन्ही मतें एकांगी वाटतात. मळक्या विळ्यानें नाळ कापल्यास बालकास धनुर्वात होतो. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवें पातें, स्वच्छ दोरा आणि कांहींही न लावितां कोरडी ठेविलेली नाळ, या पांच गोष्टी अक्षरओळख नसलेल्या सुईणीसही सहज शिकवितां येतात. परंतु मूल आडवें आलें, वार अडकली किंवा रक्त थांबेना, तर नुसती स्वच्छता पुरत नाहीं. म्हणून आपले हात कोठें थांबवावे आणि बाळंतिणीस केव्हां रुग्णालयांत न्यावें, हाच सुईणीच्या शिक्षणांतील मुख्य धडा होय. मात्र तिच्या पाठीशीं वाहन व डॉक्टर नसतील, तर हा धडा व्यर्थ जातो.

आमच्या महाराष्ट्रांतच याचे दाखले आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेड येथें कार्य आरंभिलें. त्यांनीं खेड्यांतील निरक्षर, बहुधा दलित स्त्रियांस आरोग्यसेविका केलें व त्यांच्यामागें रुग्णालय उभें ठेविलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनें ३९ गांवांत सुईणीसोबत प्रशिक्षित ग्रामसेविका बाळंतपणास हजर ठेविली. तेथें नवजात अर्भकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटले, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां बहुतेक प्रसूति रुग्णालयांत होतात, मग सुईण कशाला, असें कोणी विचारील. २०१८-२० या काळांत महाराष्ट्रांत दर लक्ष जिवंत जन्मांमागें ३३ माता दगावल्या. भारतांत तोच आंकडा ९७ होता. ही प्रगति आनंदाची खरी. परंतु पावसाळ्यांत वाट तुटणाऱ्या पाड्यावर कळा रुग्णालयाची वाट पाहत नाहींत. शिवाय घरीं परतलेल्या ओल्या बाळंतिणीजवळ पहिले कांहीं दिवस जाणती बाई हवीच.

आमच्या विद्यार्थिनींपैकीं ज्या पुढें परिचारिका होतील, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे: सुईणीस हिणवूं नका. तिच्या शेजारीं बसून शिकवा आणि गांवाचा तिच्यावर जो विश्वास आहे, तो तिच्यापासून शिका. ज्ञान आणि विश्वास एकाच उंबरठ्यावर आले, तरच माता वांचेल.