साखर शिजवा, पण स्पिरिटमध्ये!

केमिकलच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डावर लागली आणि यंदाही तिच्यात सिम्युलेशनच सिम्युलेशन! कॉम्प्युटरवर टॉवर उभे राहतात, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग होतं, व्हायवा होतो, संपलं. हाताला चटका बसेल असं काही नाही. माझं म्हणणं, निदान एका ग्रुपला तरी साखर शिजवायला द्या. पाण्यात नव्हे, स्पिरिटमध्ये.

हसू नका. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात शुजी अदाची यांच्या गटाने हेच केलं. ८० टक्के इथेनॉल, बाकी पाणी, त्यात गॅलॅक्टोज विरघळवायचं आणि दाबाखाली १८० अंश सेल्सिअसला तापवायचं. २०१५ साली छापून आलेले त्यांचे आकडे असे: गॅलॅक्टोजपासून २४ टक्के टॅगाटोज, झायलोजपासून ३८ टक्के झायल्युलोज. आणि एन्झाइम अजिबात नाही. टॅगाटोज निसर्गात अगदी थोडं सापडतं, नेहमीच्या साखरेच्या ९० टक्क्यांच्या आसपास गोड, कॅलरी मात्र निम्म्याहून कमी.

इथेनॉल तर ७८ अंशांनाच उकळतं, मग १८० कसे? मेसच्या कुकरचाच न्याय. कुकरात वातावरणाच्या साधारण दुप्पट दाब असतो, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत द्रव राहतं. इथे वीसेक पट, किंबहुना थोडा जास्तच दाब ठेवायचा, एवढाच फरक. (‘एवढाच’ लिहिताना सेफ्टीच्या सरांचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय.) रेणूत अणू तेवढेच राहतात: सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. फक्त पहिल्या कार्बनवरचा अल्डिहाइड जातो आणि दुसऱ्यावर कीटोन येतो. नुसत्या पाण्यात एवढं तापवलं तर साखर करपायलाच लागते, फरफ्युरलच्या जातीची संयुगं होतात. इथेनॉल वाढवलं की रूपांतराचं पारडं जड होतं. म्हणजे सगळी करामत द्रावकाची, आणि आपण द्रावकाला ‘ज्यात विरघळतं ते’ एवढ्यावर सोडून देतो!

आता आपल्याकडे बघा. दुधातल्या लॅक्टोजचा अर्धा भाग गॅलॅक्टोज. पनीर केल्यावर उरतं त्या पाण्यात ते असतंच, फक्त लॅक्टोज आधी फोडावं लागेल. झायलोज उसाच्या बगॅसमधून निघतं. इथेनॉल साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत बनतं. कच्च्या मालासाठी जपानला जायची गरज नाही.

एन्झाइमवाले म्हणतील, आमचा माल स्वच्छ निघतो. खरंय. इथे १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम हाती येणार, सोबत उरलेलं गॅलॅक्टोज आणि तपकिरी रंग. ते वेगळं करणं हीच खरी डोकेदुखी. उद्या कारखाने यावर चालतील असं मी म्हणतच नाही. पण कायनेटिक्स, हीट ट्रान्सफर, मटेरियल बॅलन्स आणि सेपरेशन हे चारही पेपर एका नळीत शिकवणारा दुसरा प्रोजेक्ट दाखवा!

नळीच म्हणतोय मी, मोठं भांडं नाही. स्टेनलेस स्टीलची बारीक कॉइल तेलाच्या बाथमध्ये, मागून पंप, पुढे थंड पाणी आणि शेवटी दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. एका वेळी गरम असणार ते काही मिलिलिटर. इथेनॉल पेट घेतं, म्हणून जवळपास ज्योत नको आणि काम फ्यूम हूडमध्येच. कॉइल वर्कशॉपमध्ये वाकवून मिळेल, प्रेशर टेस्ट मेकॅनिकलवाले करून देतील. पंप आणि सही मात्र डिपार्टमेंटच्या हातात आहेत.