श्रेय निषादाला नको

दुःखाशिवाय मोठी कविता होत नाही, हे आपल्याकडे इतक्यांदा बोललं जातं की त्याला कोणी पुरावा मागत नाही. तारास शेवचेन्को या युक्रेनी कवीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. भूदासाच्या घरी जन्म, बालपणीच आईबाप गेलेले, पुढे झारने दहा वर्षं हद्दपार करून साधा शिपाई केलेला. तरीही तो युक्रेनचा राष्ट्रकवी झाला. म्हणजे हद्दपारीच्या भट्टीतूनच तो तावूनसुलाखून निघाला, असं म्हणून लोक मोकळे होतात. हा निष्कर्ष ऐकायला गोड आणि साफ चुकीचा आहे. वर तो छळणाऱ्याच्या पदरात फुकटचं पुण्य टाकतो.

पूर्वपक्षाचं म्हणणं असं. एक, हद्दपारीच्या पहिल्या वर्षांत शेवचेन्कोने शंभराहून अधिक कविता लिहिल्या आणि त्यांतल्या कित्येक उत्तम आहेत. दोन, हद्दपारीमुळेच त्याला अरल समुद्र आणि कझाक मुलूख दिसला, तिथली जलरंगातली चित्रं त्याशिवाय झालीच नसती. तीन, त्याने सम्राज्ञीची टवाळी केली होती, तेव्हा शिक्षा त्याने स्वतःच ओढवून घेतली.

आधी कालक्रम पाहू. 1838 साली ब्र्युलोव या चित्रकाराने कवी झुकोव्स्कीचं व्यक्तिचित्र काढलं, त्याची सोडत झाली आणि आलेल्या 2,500 रूबलांत चोवीस वर्षांच्या शेवचेन्कोला मालकाकडून सोडवण्यात आलं. दोनच वर्षांत, 1840 मध्ये, ‘कोब्झार’ हा त्याचा पहिला संग्रह निघाला. पुस्तक लहान, कविता अवघ्या आठ, पण युक्रेनी साहित्याचं नवं पर्व तिथून मोजतात. 1841 मध्ये ‘हायदामाकी’ हे दीर्घकाव्य आलं. झारला झोंबलेलं ‘स्वप्न’ 1844 चं, ‘कॉकेशस’ आणि ‘मृत्युपत्र’ 1845 ची. अटक झाली ती 1847 च्या एप्रिलमध्ये. ज्या कवितांवर त्याची कीर्ती आजही उभी आहे, त्यांतल्या बहुतेक तो मोकळा असताना लिहिलेल्या आहेत. जो आधीच घडलेला होता, त्याला भट्टीने काय घडवलं?

आता शिक्षा पाहू. सिरिल आणि मेथोडियस यांच्या नावाने कीवमध्ये चालणाऱ्या गुप्त मंडळावर एका विद्यार्थ्याच्या चुगलीवरून धाड पडली. मंडळातल्या कोस्तोमारोवला वर्षभर किल्ल्यात डांबून सारातोवला पाठवलं, कुलीशला तुलाला. हुलाकला तीन वर्षं श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात काढावी लागली. शेवचेन्कोला ओरेनबर्गच्या फौजेत शिपाई म्हणून धाडलं आणि त्या हुकमावर झार पहिल्या निकोलसने स्वतःच्या हाताने शेरा मारला: कडक पहाऱ्यात ठेवावं, लिहिण्यास व चित्रं काढण्यास मनाई. हा माणूस ललितकला अकादमीत शिकलेला व्यावसायिक चित्रकार होता. कीव विद्यापीठात चित्रकला शिकवण्याची जागा त्याला नुकतीच मिळाली होती. त्याच्या दोन्ही विद्या एका ओळीत बंद केल्या. कवी घडावा म्हणून असे हुकूम निघत नाहीत.

हद्दपारीत त्याला ठेवलेल्या ओर्स्कच्या किल्ल्यातल्या कवितांचं मोल मी नाकारत नाही. पण त्या लिहिल्या कशा गेल्या? तळहातात मावतील अशा वह्या त्याने स्वतः शिवल्या आणि त्यांत बारीक अक्षरात लिहून त्या बुटाच्या गळ्यात दडवल्या. 1847 ते 1850 या चार वर्षांच्या वह्या नंतर एकत्र बांधल्या गेल्या. ‘छोटी वही’ म्हणून त्या आज ओळखल्या जातात. हा हुकूम मोडून केलेला उद्योग होता. तो हुकमाच्या खाती कसा जमा करायचा?

अरलच्या चित्रांचंही तसंच. 1848 आणि 1849 मध्ये नौदलाचा अधिकारी बुताकोव याने अरल समुद्राची पाहणी केली. त्याने शेवचेन्कोला मोहिमेचा चित्रकार म्हणून बरोबर घेतलं, किनाऱ्यांची दृश्यं काढायला लावली, कोस-अरलच्या मुक्कामात उसंत दिली. ती चित्रं झाली ती झारची मनाई बुताकोवने गुंडाळून ठेवली म्हणून. पुढे एका अधिकाऱ्याने वर कागाळी केली. 1850 मध्ये शेवचेन्कोच्या बिऱ्हाडाची झडती झाली, त्याला पुन्हा अटक झाली आणि बुताकोवची वरून कानउघाडणी झाली.

आणि खरी परीक्षा इथेच आहे. छळामुळे कविता येते हे खरं असेल, तर छळ वाढला की कविताही वाढायला हवी. 1850 नंतर त्याला कॅस्पियनच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर, मांगिश्लाकच्या उजाड टोकावरच्या नोवोपेत्रोव्स्क किल्ल्यात टाकलं. नजर कडक, कवायत रोजची. तिथे तो सात वर्षं होता. त्या सात वर्षांतली युक्रेनी कविता शोधायला गेलं तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. किल्लेदार बदलला, बंधनं जरा सैलावली, तेव्हा त्याने रशियनमध्ये टोपणनावाने कादंबरिका लिहिल्या. त्यांतल्या नऊ उरल्या आणि एकही त्याच्या हयातीत छापली गेली नाही. कवितेकडे तो परतला 1857 च्या मे महिन्यात, सुटकेची चाहूल लागल्यावर. तेव्हाही त्याने आधीची ‘सैनिकाची विहीर’ नव्याने लिहून काढली. पाश जिथे सैल होता तिथे कविता आहे, जिथे तो आवळला तिथे ती नाही. हिशेब उलटा आहे आणि तो त्याच्याच वह्यांनी मांडून ठेवला आहे.

चित्रकाराचं नुकसान तर त्याने स्वतः नोंदवलंय. दहा वर्षं हात सुटल्यावर रंगचित्रकार म्हणून पुन्हा उभं राहण्याची आशा नाही, तेव्हा आता तांब्याच्या पत्र्यावरचं खोदकाम शिकावं, असं त्याने सुटकेच्या तोंडावर दैनंदिनीत लिहिलं. जिद्द अशी की 1860 मध्ये अकादमीने त्याला याच कलेसाठी मानाचं पद दिलं. पण जी तैलचित्रं झालीच नाहीत, त्यांची यादी कोणत्याही संग्रहालयात लागत नाही. शरीरही खंगलं होतं. 10 मार्च 1861 रोजी, सत्तेचाळिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. भूदासप्रथा रद्द करणाऱ्या जाहीरनाम्यावर सही झाली होती, पण तो अजून लोकांपुढे वाचलाही गेला नव्हता.

उरला ‘ओढवून घेतलं’ हा आक्षेप. त्याचा मोठा प्रवर्तक बेलिन्स्की, रशियन उदारमतवादी समीक्षेचा अध्वर्यू. 1847 च्या एका पत्रात त्याने शेवचेन्कोची यथेच्छ निंदा केली आणि शिक्षा योग्यच ठरवली. सम्राज्ञीची टवाळी करणारी ती कविता आपण वाचलेली नाही, हेही त्याच पत्रात त्याने सांगून टाकलंय. यापुढे खंडनाची गरज नाही.

आपल्या आदिकाव्याच्या कथेत निषादाच्या हातून क्रौंचाचा वध झाला, वाल्मीकीला शोक झाला, शोकातून श्लोक आला. पण त्या श्लोकाचं श्रेय कोणी निषादाला दिल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या वाट्याला शापच आला. मग निकोलसच्या वाट्याला आपण गौरव का देतो?

श्रेय द्यायचंच तर धनी बरेच आहेत. पहिला हक्क अर्थातच कवीचा, त्याच्या जिद्दीचा. त्यानंतर त्याच्या सुटकेसाठी झटलेला, त्याच्याच मुलखातला चित्रकार सोशेन्को आणि सोडत घडवून आणणारे. मनाई डावलणारा बुताकोव. झडतीची आगाऊ खबर देऊन कागदपत्रांची विल्हेवाट लावायला वेळ मिळवून देणारा ओरेनबर्गचा अधिकारी गेर्न. पोलिसप्रमुखाची तंबी येईपर्यंत हद्दपार शिपायाला पत्रं लिहिणारी उमरावकन्या वार्वारा रेप्निना. दरबारात खेटे घालून माफी मिळवणारं काउंट तोल्स्तोय दांपत्य. यांत युक्रेनी आहेत तसे रशियनही आहेत, म्हणजे हा दोन लोकसमूहांतला सरळ हिशेबही नव्हे. जुलमात कवी टिकतो तो असे लोक जोखीम घेतात म्हणून.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे प्रकरण उकरायचं कारण, भट्टीची ही भाषा अजून चालू आहे. विसाव्या शतकातल्या वासिल स्तुस या युक्रेनी कवीबद्दलही तेच बोललं जातं. मोर्दोव्हियाची छावणी, कोलिमाच्या खाणपट्ट्यातली हद्दपारी, पुन्हा अटक आणि 4 सप्टेंबर 1985 रोजी पेर्मच्या छावणीतल्या शिक्षाकोठडीत मृत्यू. त्या शेवटच्या छावणीत तो ‘आत्म्याचा पक्षी’ हा संग्रह लिहीत होता. पहारेकऱ्यांनी वह्या जप्त केल्या आणि त्या आजवर सापडलेल्या नाहीत. भट्टीने घडवलेलं सोनं दाखवणाऱ्यांनी हे हस्तलिखितही दाखवावं.

छळ सोसलेल्या कवीचा गौरव करताना त्याने काय लिहिलं याबरोबर त्याला काय लिहू दिलं नाही, हेही सांगायला हवं. ते वगळलं की तुरुंग कवीची पाठशाळा ठरतो, आणि उद्या कुठल्याही सत्तेला आपल्या कवीला तिथे धाडताना शरम वाटायचं कारण उरत नाही.