‘शोध’ या शब्दाची फेरतपासणी

‘अमेरिकेचा शोध कोणी लावला?’ या एका गुणाच्या प्रश्नाला ‘कोलंबस’ हे उत्तर मी कितीतरी वर्षे बरोबर धरले. ज्यांच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या असे अनेक माजी विद्यार्थी या स्मरणिकेचे वाचक आहेत. त्यांच्यासमोर मला आज त्या गुणाची फेरतपासणी करावयाची आहे. मुलांनी उत्तर शिकविल्याप्रमाणेच लिहिले होते. चूक होती ती प्रश्नात, आणि तो विचारणाऱ्या शिक्षकात.

प्रथम एक दंतकथा बाजूला सारू. त्या काळी सारे जग पृथ्वी सपाट मानीत होते आणि एकट्या कोलंबसाने ती गोल असल्याचे सांगून पंडितांचा विरोध पत्करला, असे आपण ऐकत आलो. वस्तुस्थिती निराळी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच इराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ मोजला होता. आपल्याकडे आर्यभटानेही पाचव्या शतकाच्या अखेरीस पृथ्वी गोल असल्याचे लिहून ठेवले. स्पेनच्या दरबारातील विद्वानांचा आक्षेप पृथ्वीच्या आकाराविषयी नव्हता, अंतराविषयी होता. आणि तो रास्त होता. कॅनरी बेटांपासून जपान सुमारे साडेचार हजार किलोमीटरांवर असावा, हा कोलंबसाचा हिशेब. प्रत्यक्षात ते अंतर एकोणीस हजारांहून अधिक आहे. मध्ये युरोपला अज्ञात असलेली भूमी लागली, म्हणून त्याचे खलाशी वाचले. एकाकी सत्यवाद्याची ही कथा जगभर पसरली ती मुख्यत्वे अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग याने १८२८ साली प्रसिद्ध केलेल्या रंजक चरित्रामुळे.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामातील ज्या बेटावर उतरला, त्याला तेथील लोक ग्वानाहानी म्हणत. त्याने त्याचे नाव सान साल्वादोर ठेवले. आपण आशियाच्या किनारी आलो या समजुतीने तेथील माणसांना त्याने ‘इंडियन’ म्हटले. त्या माणसांचे पूर्वज त्या खंडांत किमान पंधरा हजार वर्षांपासून नांदत होते. मका, बटाटा, टोमॅटो, मिरची ही पिके त्यांनीच रानटी वनस्पतींपासून घडविली. आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात रोज त्यांचे ऋण ताटात पडते. युरोपीयांपुरते बोलायचे तरी नॉर्स दर्यावर्दी कोलंबसाच्या सुमारे पाचशे वर्षे आधी न्यूफाउंडलंडला पोहोचले होते. त्यांच्या वस्तीचे अवशेष १९६० च्या दशकात उत्खननात सापडले.

मग ‘शोध’ कोणाचा, आणि कोणासाठी? हा प्रश्न आपल्याला परका नाही. अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ‘शोधली’ असे आपण वाचतो. दहाव्या लेण्यातील स्तंभावर त्याने कोरलेले नावही आहे. परंतु त्या डोंगरात वावरणाऱ्यांना ती लेणी ठाऊक होतीच. त्यांची नावे मात्र कोणत्याही स्तंभावर नाहीत.

कोणी म्हणेल, एका शब्दासाठी एवढा वाद कशाला? कारण त्या शब्दाने जमिनी हिरावल्या आहेत. १४९३ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने सापडलेल्या व सापडणाऱ्या भूमीचा हक्क स्पेनच्या राजसत्तेला देऊन टाकला. १४९५ मध्ये कोलंबसाच्या माणसांनी हिस्पॅनिओला बेटावर सुमारे दीड हजार तायनो स्त्री-पुरुष पकडले. त्यांतील पाचशेच्या आसपास गुलाम म्हणून स्पेनला धाडले आणि सुमारे दोनशे वाटेतच मेले. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूनेच पुढे या अत्याचारांची साक्ष लिहून ठेवली. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडेच भूमीची मालकी जाते. मूळ रहिवाशांकडे उरतो तो केवळ वहिवाटीचा हक्क. व्हॅटिकनने हा ‘शोधाचा सिद्धांत’ औपचारिकरीत्या नाकारला तो मार्च २०२३ मध्ये. वर्गातील एका गुणाच्या उत्तरामागे एवढा इतिहास दडलेला असतो.

येथवर माझे म्हणणे बहुतेकांना पटेल. पुढचे कदाचित कोणाला रुचणार नाही. ‘अमेरिका कोलंबसाने नव्हे, बौद्ध भिक्खूंनी शोधली’ असा दावा आपल्याही लोकांकडून माझ्या कानांवर आला आहे. त्याला आधार दिला जातो तो हुई शेन या भिक्खूचा. त्याने इ. स. ४९९ मध्ये चीनमध्ये येऊन पूर्वेकडील फुसांग देशाचे वर्णन केले, अशी नोंद लियांग वंशाच्या इतिहासात आहे. हा देश म्हणजे अमेरिका, असा तर्क अठराव्या शतकात एका फ्रेंच विद्वानाने मांडला. पण त्या वर्णनात घोडे आहेत आणि घोड्यांनी ओढलेल्या गाड्या आहेत. अमेरिकेतील घोडे तर हजारो वर्षांपूर्वीच नष्ट झाले होते. ते पुन्हा आले स्पॅनिश जहाजांतून. हा दावा टिकत नाही. आणि भिक्खू खरोखर तेथे पोहोचले असते, तरी माणसांनी भरलेल्या भूमीचा ‘शोध’ त्यांच्या नावावर मांडणे तितकेच अन्यायाचे ठरले असते.

दुसऱ्याची दंतकथा तपासणे सोपे असते; आपल्याला सुखावणारी तपासणे कठीण. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश परंपरेपुरता किंवा परक्यांच्या ग्रंथांपुरता नाही. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासकाराने राग, लोभ, भय यांपासून मुक्त राहून सत्याशी निष्ठा ठेवावी हा दंडक स्वतःला लावून घेतला. तो आपणांस सोडून देता येणार नाही.

आता मी वर्गात प्रश्न बदलून विचारतो: ‘१४९२ मध्ये ग्वानाहानी बेटावर कोण राहत होते, आणि पुढे त्यांचे काय झाले?’ उत्तर एका शब्दात येत नाही, म्हणून त्याला पाच गुण ठेवले आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना तो जरूर विचारावा. आणि त्या जुन्या एका गुणाबद्दल आपल्या शिक्षकाला क्षमा करावी.