घोडे किती, हे नंतर विचारा

सोसायटीचे फेडून कापसाचे दोन पैसे उरले की घरात गाडीचा विषय निघतो. त्यात गैर काही नाही. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हापासून कित्येक वर्षे कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागे, राज्याबाहेर नेण्यास बंदी होती. तेव्हा गाडी असती तरी जाणार कुठे? आज भाव बरा दिसेल तिकडे माल नेता येतो. पण गाडी घेताना आपण पहिला प्रश्नच चुकीचा विचारतो : "इंजीन किती घोड्यांचे?"

चाकणला तयार होणाऱ्या बजाज पल्सर 220 या मोटारसायकलची ताकद 20 अश्वशक्तीच्या आसपास. शेजारच्या पिंपरीच्या टाटा मोटर्सने 2005 साली पहिली एस काढली, आपण जिला छोटा हत्ती म्हणतो, तिची अवघी 16. घोडेच मोजायचे तर मोटारसायकल जिंकली! मग साडेसात क्विंटल ज्वारी तिच्यावर लादून घाट चढून दाखवा. मोटारसायकल आपली ताकद मिनिटाला 8 हजारांच्या वर फेऱ्या मारून दाखवते. छोट्या हत्तीचे डिझेल इंजीन 3 हजारांच्या आसपासच ती देते, आणि त्याची ओढ जवळजवळ दुप्पट. शंकरपटाचा बैल आणि नांगराचा बैल यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. शोरूममध्ये गेल्यावर मात्र आपण तो विसरतो.

खरा प्रश्न आहे भाराचा. पहिल्या एसचा भार 750 किलो, म्हणजे क्विंटलची साडेसात पोती. ज्वारीची एवढी पोती हौदात जेमतेम एक-दीड थर होतात. हौद रिकामा दिसतो, मन राहवत नाही, आणखी पाच पोती चढतात. पाटे बसतात, ब्रेक लागत नाही. कापसाचे उलटे. ढीग कॅबिनच्या वर गेला तरी भार पुरा होत नाही. कडब्याचेही तेच. म्हणजे ज्वारीवाल्याने किलो पाहावेत, कापूसवाल्याने हौदाची लांबी-रुंदी. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याने वर्षात जास्त खेपा कशाच्या होतात ते आधी मोजावे.

दोन्हीकडे चुकले तर दंड सारखाच. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने जादा भाराला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार असा दंड आला. माल हौदाबाहेर किंवा ठरल्या उंचीच्या वर गेला तरी 20 हजार. कडब्याच्या एका खेपेत किती सुटतात, ते ज्याचे त्याने सांगावे.

शहरातले हौशी लोक याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे निघाले. राज्य सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोच्या, ट्रॅव्हलर गाडीत पलंग, चूल, संडास बसवून फिरते घर करतात. (ज्या कंपनीच्या नावावरून आपण कुठल्याही मालगाडीला टेम्पो म्हणू लागलो, ती हीच.) असे घर करून घेणारा माणूस टाकीतले पाणीसुद्धा मोजतो : 200 लिटर म्हणजे 200 किलो, तेवढी माणसे-सामान कमी. आणि आपण? गाडी घरी आली की अँगलची जाळी, उंच फळ्या, वर कॅरियर. हे लोखंड 150 किलोचे झाले तर साडेसातातली दीड पोती माल भरण्याआधीच गेली.

आरसी बुकात रिकामे वजन आणि भारासह वजन असे दोन आकडे असतात. वजाबाकी करा. त्यातून जाळी, ताडपत्री आणि जास्तीची माणसे काढा. उरते तेवढीच गाडी तुमची.

मग मोठी घ्यावी का? दीड टनाची पिकअप दिमाखदार दिसते खरी, पण कोरडवाहूत माल चार महिने आणि हप्ता बारा महिने. उरलेले आठ महिने भाडे मिळण्याची खात्री नसेल तर मी म्हणेन, चौघांत मिळून घ्या, नाहीतर भाड्याचीच बरी.

आणि रिकामी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर पळवून "पिकअप चांगला आहे" म्हणू नका. शोरूमवाल्याला सांगा : पोती आम्ही आणतो, आधी काट्यावर वजन, मग जवळचा चढ, मध्येच थांबवून पुन्हा उचलून दाखव.